काचेच्या पेटीत शिकलेले हात

२४ जुलै २०२३ रोजी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या मॅनाटी बे या खाडीतल्या तापमापकानं पाण्याचं तापमान ३८.४ अंश सेल्सियस नोंदवलं. खाडी उथळ आणि गढूळ, त्यामुळे हा आकडा विक्रम म्हणून धरायचा की नाही यावर हवामानतज्ज्ञांत वाद झाला. प्रवाळाला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्याच सुमारास सोंब्रेरो रीफ या प्रवाळभित्तीवर उतरलेल्या कोरल रिस्टोरेशन फाउंडेशनच्या पाणबुड्यांना तिथलं प्रवाळ शंभर टक्के मेलेलं दिसलं. त्यात त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं खपून लावलेलं प्रवाळही होतं.

ही संस्था २००७ मध्ये काढणारे केन नेडिमायर कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेत लोकांच्या फिशटँकसाठी रंगीत मासे पकडून विकणं हा त्यांचा धंदा. नव्वदच्या दशकात समुद्रातून ‘लाइव्ह रॉक’ काढायला तिथे बंदी आली. लाइव्ह रॉक म्हणजे जीवाणू, शैवाल, स्पंज यांनी गजबजलेला सच्छिद्र दगड. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाणी शुद्ध ठेवण्याचं अर्धं काम तोच करतो. बंदीवर तोड म्हणून सरकारनं व्यापाऱ्यांना समुद्रतळाचे तुकडे भाडेपट्ट्यानं दिले. खाणीतले दगड तिथे टाकायचे, काही वर्षं थांबायचं, त्यांच्यावर जीवसृष्टी वसली की उचलून विकायचे. नेडिमायर यांच्या दगडांवर एक दिवस न बोलावलेला पाहुणा येऊन बसला: स्टॅगहॉर्न, म्हणजे फांद्याफांद्यांनी वाढणारं प्रवाळ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रोगानं कॅरिबियन समुद्रातलं हे प्रवाळ जवळजवळ पुसून टाकलं होतं. रानटी प्रवाळाला हात लावणं गुन्हा. पण हे त्यांच्या मालकीच्या दगडावर उगवलेलं, म्हणून कायद्यानं त्यांचं. मुलीच्या युवक चळवळीतल्या प्रकल्पाचं निमित्त झालं आणि बापलेकीनं त्या फांद्या तोडून नव्या दगडांवर चिकटवल्या. त्या जगल्या, वाढल्या, पुन्हा तोडल्या, पुन्हा वाढल्या. आज फ्लोरिडाच्या समुद्रात पीव्हीसी पाइपच्या ‘झाडांना’ टांगलेल्या प्रवाळाच्या ज्या रोपवाटिका दिसतात, त्यांच्या मुळाशी हा दगडविक्याचा उद्योग आहे.

फांदी तोडून नवं रोप करण्याची ही रीत घरी प्रवाळ पाळणाऱ्यांना नवी नव्हती. त्यांच्या भाषेत याला ‘फ्रॅगिंग’ म्हणतात, तुकड्याला ‘फ्रॅग’. हाडं कापायच्या कात्रीनं किंवा छोट्या करवतीनं प्रवाळ कापायचं, सुपर ग्लूनं चिनी मातीच्या बिल्ल्यावर चिकटवायचं, मित्राला द्यायचं किंवा विकायचं. चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत दगडी प्रवाळ घरात जगवणं अशक्यच मानलं जाई. मग छांदिष्टांनी ते जमवलं. प्रकाश किती आणि कुठल्या रंगाचा, पाण्यात कॅल्शियम किती, अल्कलिनिटी किती, नायट्रेट कितीवर गेलं की तांबूस शेवाळ माजतं, प्रवाह एकाच दिशेनं असावा की उलटसुलट, ही सगळी माहिती हजारो घरांत चुकतमाकत, पदरचे पैसे घालून आणि बऱ्याच प्राण्यांचा बळी देऊन जमली आहे. तिच्यातला फार थोडा भाग शोधनिबंधांत गेला.

तापमानाचंच घ्या. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं, पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच ब्लीचिंग. त्या अवस्थेतलं प्रवाळ अजून जिवंत असतं, पण उपाशी. हीटरचा थर्मोस्टॅट अडकून टँकचं पाणी तापलेलं ज्यानं एकदा पाहिलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला फक्त हीटर बंद करता येतो.

समुद्राचा हीटर बंद करण्याची सोय नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. जानेवारी २०२३ पासूनच्या या फेऱ्यात जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग घडवण्याइतकी उष्णता सोसावी लागली. १९९८ च्या पहिल्या फेऱ्यात हाच आकडा २१ टक्के होता.

आता लंडन. शहराच्या दक्षिण भागातल्या हॉर्निमन संग्रहालयाच्या तळघरात एक छोटं मत्स्यालय आहे. तिथले जेमी क्रॅग्ज यांना एक प्रश्न सतावत होता. तुकडे करून वाढवलेलं प्रवाळ ही एकाच जिवाची नक्कल. नवी जनुकं हवीत तर प्रवाळानं अंडी आणि शुक्राणू सोडले पाहिजेत. समुद्रात बहुतेक जाती हे वर्षातून एकदाच करतात, ठरावीक महिन्यात, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री. समुद्रापासून दूर, बंद टँकमधल्या प्रवाळाला पौर्णिमा कशी कळणार? क्रॅग्ज यांनी ती घडवली. मूळ समुद्रातलं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राचा उजेड यांचं वेळापत्रक संगणकाला दिलं. एलईडी दिवे आणि नियंत्रक यंत्रं त्यानुसार चालू-बंद होऊ लागली. २०१३ मध्ये प्रवाळानं त्या तळघरात अंडी सोडली. २०१७ मध्ये पद्धत सविस्तर प्रसिद्ध झाली. तिचं वैशिष्ट्य असं की लागणारी सामग्री बरीचशी हौशी बाजारातली आहे. तासातासाला रंग बदलणारे दिवे आणि मोबाइलवरून पाण्याची खबर देणारे नियंत्रक ही यंत्रं मुळात घरच्या टँकवर जीव आणि पैसा लावणाऱ्यांसाठी निघाली. त्यांचा हट्ट नसता तर ती इतकी सुधारली आणि स्वस्त झाली असती का, याची शंका आहे.

फ्लोरिडाला या पद्धतीची गरज लवकरच पडली. २०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळाचं मांस झडवणारा एक रोग दिसला आणि काही वर्षांत सगळ्या भित्तीभर पसरला. उभ्या खांबांसारखं वाढणारं पिलर कोरल इतकं घटलं की उरलेल्या नर आणि मादी वसाहतींमधलं अंतरच त्यांच्या मीलनाच्या आड येऊ लागलं. रोग पोचण्याआधी हाती लागेल ते प्रवाळ उचलून देशभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि मत्स्यालयांत नेण्याची मोहीम २०१८ पासून चालली. ऑगस्ट २०१९ मध्ये टॅम्पाच्या फ्लोरिडा अक्वेरियमनं हॉर्निमनच्या मदतीनं पिलर कोरलचं प्रजनन घरातल्या घरात घडवून आणलं. अटलांटिकमधल्या प्रवाळाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच झालं होतं.

मार्टिन मो यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. सत्तरच्या दशकात क्लाउनफिशची पैदास धंद्याच्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्यांत ते अग्रेसर होते आणि त्यांचं १९८२ चं समुद्री टँकवरचं पुस्तक कित्येक छांदिष्टांनी पहिला गुरू म्हणून वाचलं. पुढे उतारवयात त्यांनी घरच्याच छोटेखानी प्रयोगशाळेत डायाडेमा हा लांब काट्यांचा समुद्री साळू वाढवण्याचा ध्यास घेतला. १९८३-८४ च्या साथीत कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त साळू मेले, त्यांचं शैवाल खाणं थांबलं आणि प्रवाळ शैवालाखाली गुदमरलं. या साळूची अळी जगवणं महाकठीण. ती कला आज ज्या संशोधनकेंद्रांत पुढे गेली आहे, तिथे मो यांच्या खटपटीचा वाटा मान्य केला जातो.

एवढं वाचून घरोघरचे टँक म्हणजे प्रवाळासाठी मनूची नाव आहेत असं कुणाला वाटेल. छंदाच्या वर्तुळात ही कल्पना आवडीनं बोलली जाते: समुद्रातलं सगळं गेलं तरी आमच्या टँकमध्ये बीज शिल्लक राहील. कल्पना लोभस आहे आणि बहुतांशी खोटी आहे.

एक तर बहुतेक घरगुती प्रवाळाच्या जन्मगावाची नोंदच नसते. इंडोनेशियातल्या कुठल्या बेटाजवळून, किती खोलीवरून, कुठल्या वर्षी, काहीच ठाऊक नाही. लोकप्रिय रंगाच्या एकाच वसाहतीचे तुकडे होत होत ते हजारो घरांत पोचतात. मोजणीत हजारो, जनुकांच्या हिशेबात एक. निवडही होते ती निळ्या उजेडात चमकणाऱ्या रंगांची. उष्णता सोसण्याची ताकद दुकानात कुणी विचारत नाही. शिवाय वेगवेगळ्या महासागरांतले जीव एकाच पाण्यात राहिल्यावर कुणाचा रोग कुणाला लागला याचा पत्ता नसतो. असं प्रवाळ समुद्रात सोडणं हा उपकार ठरणार नाही. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या पाण्यात आढळला. बहुधा कुणीतरी टँकमधून सोडलेला. आज तो कॅरिबियनभर लहान मासे फस्त करतो आहे. गंमत अशी की फ्लोरिडातल्या छांदिष्टाच्या टँकमध्ये फ्लोरिडाचं दगडी प्रवाळ जवळजवळ नसतंच, कारण ते काढायला बंदी आहे. त्याच्याकडे असतं ते इंडोनेशियाचं, फिजीचं, ऑस्ट्रेलियाचं.

आणि खर्चाची बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालानुसार या छंदासाठी दरवर्षी दोन ते अडीच कोटींच्या घरात समुद्री मासे आणि एक कोटीहून जास्त प्रवाळाचे नग विकले जात होते. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइडनं गुंगवून मासे पकडण्याची चाल याच मागणीनं वाढवली. सुलावेसीजवळच्या मोजक्या बेटांखेरीज कुठेच मूळचा नसलेला बांगाई कार्डिनल हा मासा या हौसेपायी धोक्यात आला. उलट बाजूला निळा टँग आणि पिवळा टँग या माशांची पैदास टाक्यांत होऊ लागली, शेतीत वाढवलेलं प्रवाळ बाजारात आलं. पण दुकानात समुद्रातला मासा स्वस्त आणि पैदाशीचा महाग असला, तर बहुतेक गिऱ्हाईक काय उचलतं हे सांगायला सर्वेक्षण नको.

म्हणून या स्तंभाचं म्हणणं असं: छांदिष्टाकडे समुद्राला देण्यासारखं काही असेल तर ते त्याचं प्रवाळ नव्हे, त्याचा हात आहे. रोज पाणी तपासणारा, प्रवाळाचे स्पर्शक आज का मिटलेत हे दुरून ओळखणारा, पंप बिघडला तर मध्यरात्री उठणारा. २०२३ च्या त्या जुलैत समुद्रातल्या रोपवाटिकांमधून प्रवाळाचे हजारो तुकडे काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणले गेले. अशा वेळी नेमकी हीच माणसं लागतात आणि ती एका रात्रीत तयार होत नाहीत.

तरीही आकडे निष्ठुर आहेत. २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार त्या उन्हाळ्यानं फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगाज भागातल्या स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न या दोन जातींच्या ९८ ते १०० टक्के वसाहती मारल्या; परिसंस्थेतलं काम करण्याच्या दृष्टीनं त्या तिथे संपल्यात जमा आहेत. त्याच वर्षी जुलैत मायामीजवळ एल्कहॉर्नची काही रोपं लावली गेली. त्यांचे एका बाजूचे पालक फ्लोरिडाचे, दुसऱ्या बाजूचे होंडुरासच्या टेला उपसागरातल्या जास्त उष्ण पाण्यातले. संकर टाकीत झालेला. ही रोपं किती उष्णता सोसतात ते पुढचे उन्हाळे दाखवतील. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ जाईल आणि दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त, असं हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीनं, आयपीसीसीनं, २०१८ मध्येच लिहून ठेवलं आहे. टाकीत प्रवाळ सांभाळायचं ते समुद्र पुन्हा राहण्याजोगा होईपर्यंत. आणि तो तसा होणं तेल-कोळशाच्या हिशेबावर अवलंबून आहे.

आपल्याकडे दगडी प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. घरी हौसेनं ते ठेवण्यासाठी समुद्रातून काढणं हा गंभीर गुन्हा आणि तो तसाच राहावा. मालवण, गोव्याचं ग्रांदे बेट, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक. जे थोडं आहे त्याच्यावर बाजाराची नजर नकोच. पण जगवण्याचं कसब मग शिकायचं कुठे? मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळाच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते काम केलं. उद्या लक्षद्वीपमधून, मालवणातून अठराशे वसाहती तातडीनं जमिनीवर आणायची वेळ आली, तर टाक्या कुठे आहेत आणि त्यांच्यापाशी रात्रपाळी करणारे हात कुठे आहेत?

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास आणि तिचं प्रशिक्षण चालतं. किनाऱ्यावरच्या बचतगटांना त्यातून उत्पन्न मिळावं हा हेतू. तिथून पुढचं पाऊल फार लांबचं नाही. मरीन ड्राइव्हवरचं १९५१ चं तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे आणि ते नव्यानं उभारण्याची चर्चा होत असते. त्या चर्चेत काचेचा बोगदा असतो, तिकिटाचा दर असतो. मागच्या बाजूला, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खोल्यांत, वनखात्याच्या परवानगीनं आणि नोंदवहीसकट कोकणच्या प्रवाळाच्या टाक्या असाव्यात. कुर्ल्याच्या बाजारातून मीठ आणि टेस्ट किट नेणाऱ्या पोरांना तिथे शनिवार-रविवार कामाला घ्यावं, ही मागणी अजून कुणी केलेली ऐकू आलेली नाही. नव्या इमारतीचे आराखडे कागदावर आहेत तोवर ती करायला हवी. टाक्यांचं पाणी आणि वीज नंतर भिंती फोडून आणता येत नाही.