गोचिडाचे औषध आणि रात्री बारापर्यंतची सवलत

पावसाळा लागला की पुंडलिकनगर, गारखेडा, हनुमाननगर या भागांतल्या कुत्रा पाळणाऱ्या घरांत एक काम हमखास निघते. कानामागे आणि पंजाच्या बोटांमध्ये गोचीड शोधायचे. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातले कुणीतरी मोबाइल उघडते. औषधाच्या चित्रावर लाल पट्टी असते, ‘70 टक्के सूट’. खाली ‘फक्त 2 नग शिल्लक’, त्याखाली उलटे धावणारे घड्याळ आणि शेजारी ‘दोनवर एक मोफत’. कुत्रा आठ किलोचा असतो, पण मागवली जाते ती वीस ते चाळीस किलोच्या कुत्र्यासाठीची नळी, कारण सूट त्याच मापावर असते. दुसऱ्या रात्री सहज पाहावे तर घड्याळात पुन्हा तेवढेच तास शिल्लक दिसतात.

या घड्याळाची दखल सरकारने घेतलेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात असे 13 प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई त्यात आहेच, शिवाय न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, पैसे भरताना शेवटच्या पानावर शुल्क वाढवणे आणि वर्गणीत अडकवणे हेही आहे. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या संकेतस्थळांची तपासणी करायला सांगितले. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा असल्यामुळे गुण कमी पडण्याची शक्यता तशी कमीच.

कायदा पाहतो तो ग्राहकाच्या खिशाकडे. शर्ट घेताना घाई झाली तर नुकसान पाचशे रुपयांचे. गोचिडाचे औषध मात्र आधी विष असते आणि मग औषध. ते कोणत्या प्राण्यासाठी, किती वजनासाठी, कोणत्या वयापासून आणि आत कोणता घटक आहे, हे पाहून घ्यायचे असते. सवलतीची पट्टी नेमके हेच चार प्रश्न बाजूला सारते आणि किंमत व वेळ एवढेच समोर ठेवते.

मांजराचे उदाहरण घ्या. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हा घटक मोठ्या प्रमाणात असतो. कुत्र्याला तो सोसतो. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा फार दुबळी असते. चुकून किंवा ‘थोडेसेच’ म्हणून लावलेल्या थेंबांनी काही तासांत मांजर थरथरू लागते, झटके येतात, उपचार मिळाले नाहीत तर दगावते. कुत्र्याला औषध लावले आणि मांजर त्याच्या अंगाला अंग लावून झोपले, एवढेही पुरे होते. अनेक घरांत कुत्रा आणि मांजर एकाच गोणपाटावर झोपतात. कॉम्बोतल्या उरलेल्या तिसऱ्या नळीचे काय करायचे, हा प्रश्न अशा घरात मांजरावर येऊन थांबतो. असे झालेच तर मांजराला कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

माणसांच्या डॉक्टरांना अधिक काळजी वाटावी असे औषध दुसरेच आहे. अमिट्राझ हे गोठ्यात गायी-म्हशींवर आणि घरात कुत्र्यांवर वापरले जाणारे जुने, स्वस्त औषध. बाजारात ते बहुधा 12.5 टक्के तीव्रतेच्या द्रावणात मिळते आणि पाण्यात अगदी थोडे मिसळून वापरायचे असते. लहान कुत्र्याला एका वेळी लागते ते काही मिलिलिटर. ऑनलाइन मात्र तीन बाटल्यांचा संच स्वस्त पडतो, म्हणून तोच येतो. उरलेले औषध न्हाणीघरातल्या फळीवर, शाम्पूशेजारी जाते. कधी मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत, कधी चक्क पाण्याच्या रिकाम्या बाटलीत.

ते पोटात गेले तर अर्ध्या ते तीन तासांत माणूस गुंगू लागतो. बाहुल्या बारीक होतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, श्वास उथळ होतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही अपघात विभागात हे चित्र पाहिले की पहिला विचार फवारणीच्या औषधाचा येतो. ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेतही बाहुल्या बारीक आणि नाडी मंद होते, आणि आपल्याकडे ती नवी नाही. फरक बारकाव्यात असतो. अमिट्राझमध्ये तोंडाला फेस, छातीत घरघर सहसा नसते आणि रक्तातली साखर वाढलेली सापडते. दोन्हींचे उपचार मात्र वेगळे. अमिट्राझवर नेमका उतारा नाही; श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळत वाट पाहावी लागते, आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतात. दवाखान्यात त्या वेळी सर्वांत उपयोगी पडते ती बाटली, तिच्यावरच्या लेबलसह. नातेवाइकांनी ती बरोबर आणावी आणि घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. या द्रावणात झायलीनसारखे द्रावक असते, ते उलटीबरोबर फुप्फुसात उतरले तर दुखणे वाढते. विक्रेत्याने पाठवलेल्या बाटलीवर घटकाचे नावच वाचता येत नसेल, तर ती वापरण्यापूर्वीच परत करण्याच्या लायकीची समजावी.

आता हिशेबाकडे. ‘70 टक्के सूट’ कशावर, हे आधी पाहावे. एमआरपी म्हणजे किमतीची कमाल मर्यादा, आणि ती उत्पादकच ठरवून छापतो. चढ्या आकड्यावरची मोठी सूट आणि बेताच्या आकड्यावरची छोटी सूट अनेकदा एकाच किमतीला येऊन पोचतात. तीन किलोच्या खाद्यावर 1.2 किलो मोफत असेल तर भागाकार 4.2 ने करून गल्लीतल्या दुकानाच्या दराशी ताडून पाहावा. ‘मोफत’ या शब्दालाही 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तत्त्वांत बंधन आहे. वस्तू पोचवण्याचा अपरिहार्य खर्च सोडून काहीही घेतले, तर तिला मोफत म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र नियमातूनच निसटलेली आहे. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ई-कॉमर्स संकेतस्थळावर एमआरपी, वजन, उत्पादकाचे नाव दाखवणे बंधनकारक आहे, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष यातून वगळलेले आहे. दुकानात पाकीट उलटे करून पाहता येते, पडद्यावर नाही. भरघोस सुटीत येणारे खाद्य मुदतीच्या काठावर असू शकते, ते पार्सल फोडल्यावरच कळते. शिवाय अन्नसुरक्षा कायदा 2006 मधील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. माणसाच्या बिस्किटामागे जी यंत्रणा उभी असते, ती कुत्र्याच्या बिस्किटामागे आहे असे गृहीत धरू नये. 2007 मध्ये अमेरिकेत मेलामाइन मिसळलेल्या घटकामुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि खाद्याची असंख्य पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी तोच पदार्थ चीनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत सापडला.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांनीही निर्धास्त होऊ नये. टी-ट्री तेल नैसर्गिकच आहे आणि ते कुत्र्या-मांजरांना विषारी ठरते. ध्वनिलहरींनी पिसवा पळवणाऱ्या पट्ट्यांबद्दल न बोललेले बरे. आणि ‘दर महिन्याला पाठवा’ या चौकटीत आधीच बरोबरची खूण असते, ती काढली नाही तर तीन महिन्यांनी लागणारे जंताचे औषध घरात बारा वेळा येते.

फसगत झालीच तर पार्सल फोडतानाचे चित्रीकरण, ऑफरच्या पानाची पडद्यावरची छायाचित्रे आणि पावती जपून ठेवावी. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. पैसे थेट एखाद्या बनावट संकेतस्थळाला गेले असतील तर 1930 वर, शक्य तितक्या लवकर, कळवावे. कंपनी गुरुग्रामची असो की बेंगळुरूची, 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. चारशे रुपयांच्या नळीसाठी तिथवर कोण जाणार, हा विक्रेत्याचा हिशेब बहुधा बरोबर निघतो.