पाणवठा मगरीचा आणि माणसाचाही

फेब्रुवारी सरतो, कृष्णेचे पात्र आक्रसू लागते आणि सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठी दरसाल तोच सवाल नव्याने उठतो : या मगरींचे करायचे काय? भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या टापूत मगरीचा वावर नवा नाही. कुणी ओढला गेला की मात्र 'मगरी पकडून न्या' या मागणीला जोर चढतो. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरचा संताप समजण्यासारखा आहे. पण हा उपाय टिकणारा आहे काय?

मगरीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. शिवाय ऑस्ट्रेलियात दूर नेऊन सोडलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी शेकडो किलोमीटर पोहून मूळ ठिकाणी परतल्याचे उपग्रहाच्या मागोव्यातून दिसले आहे. आपली मगर गोड्या पाण्यातली, जात वेगळी. पण धडा विसरण्याजोगा नाही.

उन्हाळ्यात पाणी डोहांपुरते उरते. माणूस, गुरे आणि मगर यांना तोच डोह लागतो. मगरीच्या माद्या काठाच्या मातीत अंडी घालतात त्या याच दिवसांत, आणि घरट्यावर त्यांची राखण असते. म्हणून सावधगिरी खरी हवी ती याच महिन्यांत. पहाटे व तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यात उतरू नये, कोंबडी-मटणाचा टाकाऊ भाग नदीत फेकू नये, घरट्याच्या जागी फिरकू नये. मगरीने धरलेच, तर तिच्या डोळ्यांवर प्रहार करावा. काठावरच्यांनी पाण्यात उडी न घेता काठी किंवा दोर पुढे करावा.

जखमेविषयी तर गैरसमजच फार. मगरीचे दात कापण्यासाठी नसून पकडण्यासाठी असतात. ती धरते आणि पिळते. त्यामुळे वरून भोक लहान दिसते, आत मात्र स्नायू चिरडलेले, कधी हाड मोडलेले असते. तिला विष नसते. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून रेबीजही होत नाही. खरा धोका रक्तस्रावाचा, आणि त्यानंतर तिच्या तोंडातल्या व नदीच्या पाण्यातल्या एरोमोनाससारख्या जंतूंचा.

म्हणून आधी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. दाबूनही रक्त थांबत नसेल, तरच हाता-पायावर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधावी. रक्त आटोक्यात आले की जखम नळाच्या वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी, नदीच्या नव्हे. हळद, चुना, तंबाखू, पाला यांतले काहीही भरू नये. अवयव फळीला बांधून स्थिर करावा व 108 ला फोन करावा. ओरखडा किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके आणि मेलेले मांस काढून खोलवर सफाई, हे उपचार टळत नाहीत. पुष्कळदा डॉक्टर अशी जखम काही दिवस उघडीच ठेवतात. 'टाके का घातले नाहीत' म्हणून नातेवाईक रागावतात, पण घाईने शिवलेल्या जखमेत पू कोंडतो.

वन खात्यालाही ताबडतोब कळवावे. वन्यप्राण्यांच्या हल्ल्याबद्दल राज्य शासन जे अर्थसाह्य देते, त्या यादीत मगरीचा समावेश आहे.

सगळ्यात मोलाचा उपाय मात्र साधा आहे. श्रीलंकेत नदीतल्या न्हाणीच्या जागेभोवती खांब रोवून कुंपण घालतात. आत माणसे, बाहेर मगर. कृष्णाकाठच्या घाटांवर असे कुंपण आणि काठावर धुण्यासाठी नळ देणे ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेरचे नाही. काठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उन्हाळ्यापूर्वी औषधसाठा तपासणे तर त्याहून सोपे.

ज्याच्या घरी चोवीस तास नळ आहे, त्याला मगर फक्त वर्तमानपत्रात भेटते. नदीवर तिची गाठ पडते ती धुणे घेऊन गेलेल्या बाईशी, मोटर सुरू करायला उतरलेल्या शेतकऱ्याशी, जाळे टाकणाऱ्याशी आणि सुट्टीत पोहणाऱ्या पोराशी. मगरींचे काय करायचे, हा सवाल या चौघांना सुरक्षित पाणवठा मिळेपर्यंत सुटणार नाही.