नकाशावर डॉक्टरची सही हवी

मुंबईत इमारत उभी करायची तर अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो. आड येणारं झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. बांधकामाच्या जागी पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून पालिकेच्या कीटकनाशक खात्याचाही शेरा घ्यावा लागतो. हे सगळं रास्तच आहे. पण तयार झालेल्या घरात ऊन शिरेल का, खोकणाऱ्या माणसाच्या खोलीतली हवा बाहेर जाईल का, हे विचारणारा डॉक्टर त्या फायलीच्या वाटेवर कुठेच भेटत नाही. उजेड-वाऱ्याचे नियम आहेत. ते इंजिनीअर तपासतो आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत असली की त्या नियमांना सवलत मिळते. या सवलतीची किंमत कोण मोजतं, हे पाहायचं तर मानखुर्द-गोवंडीला जावं लागतं.

लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या तिथल्या दोन मोठ्या पुनर्वसन वसाहती. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला तेव्हा रुळांलगतची आणि रस्त्यांच्या आड येणारी हजारो कुटुंबं उठवली गेली. त्यातली कित्येक या भागात आली. लोकलचे रूळ वाढले, गाड्या वाढल्या, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाला. रोज त्या गाडीने आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा वेळ वाचला तो या माणसांनी जागा सोडली म्हणून. बदल्यात त्यांना 225 चौरस फुटांची पक्की खोली मिळाली. नावावर घर, घरात नळ, घरातच संडास. ज्यांनी जन्म रुळांच्या कडेला काढला त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती, आणि तिला कमी लेखायचा माझा हेतू नाही.

पण त्या पक्क्या घरात टीबी घुसला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी मिळून या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच पीएमजीपी कॉलनीशी केली. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये दर शंभर घरांमागे आठ ते दहा घरांत टीबीचा रुग्ण सापडला. पीएमजीपी कॉलनीत शंभरात एका घरात. तिथले लोकही कष्टकरीच, प्रभागही तोच, दवाखाने आणि औषधंही तीच. मोठा फरक होता तो बांधणीत. पहिल्या दोन वसाहतींत समोरासमोरच्या इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, तर पीएमजीपीत मोकळी जागा जास्त. तीन वसाहतींच्या एका पाहणीने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. गरिबी, कुपोषण, घरातली दाटी यांचा वाटा असतोच. पण टीबीचे जंतू हवेतून जातात, कोंदट खोलीत तासन् तास तरंगतात आणि उन्हात तग धरत नाहीत, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. तेव्हा खिडकीसमोर तीन मीटरवर सात मजली भिंत उभी करणं हा आरोग्याविषयीचाच निर्णय होता. तो घेणाऱ्या खात्याला तसं वाटलं नाही, एवढंच.

अशाच एका पुनर्वसन इमारतीत एका आरोग्य सेविकेबरोबर मी गेले होते. दुपारचे बारा वाजलेले आणि जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावावा लागत होता. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत ट्यूबलाइट चालू, भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल आलेली. टीबीचा कोर्स घेणारी मुलगी कॉटवर अभ्यास करत होती. सेविकेने आल्या आल्या सांगितलं, “ताई, खिडकी उघडी ठेवा म्हटलं होतं ना? डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय.” मुलीच्या आईने काही न बोलता खिडकी उघडली. खालच्या, दोन इमारतींमधल्या अरुंद हाऊस गल्लीतून असा दर्प आला की आम्हीच दोन पावलं मागे सरकलो. गल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेल्या पिशव्यांचा थर, फुटक्या पाइपातून गळणारं सांडपाणी आणि त्यातून फिरणाऱ्या घुशी. “मागच्या पावसात घूस वर आली होती,” आई म्हणाली. “तुम्ही सांगा, उघडी ठेवू?” सेविकेकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

या बाईंना आपण ‘जनजागृती’ची गरज असलेली गृहिणी म्हणतो. खिडकी उघडली पाहिजे हे त्यांना आपल्याइतकंच कळतं.

उजेड-वाऱ्याचं हे शहाणपण मुंबईला नवीन नाही. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि शहर हादरलं. त्या साथीपाठोपाठ 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने गरिबांच्या चाळी बेधडक पाडल्या, जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, तेव्हा त्याची आरती ओवाळायचं काही कारण नाही. पण त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिलं, आणि त्यात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. भूमिती सोपी आहे. खोलीला पुरेसं आकाश दिसायचं तर समोरची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी. वीस मीटर उंच इमारत, तर दहा मीटर मोकळं अंगण. हा हिशेब मांडून शतक लोटलं, देश स्वतंत्र झाला, लोकांनी निवडून दिलेली सरकारं आली, आणि आपल्याच माणसांसाठी वीस मीटर उंचीला आपण तीन मीटर जागा सोडली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मुंबईत जागा कुठे आहे? जागा नाही हे खरं नाही, जागा महाग आहे हे खरं. पुनर्वसनाच्या योजनेत बिल्डरला विक्रीच्या इमारतीसाठी जास्तीची जागा मोकळी करून द्यायची म्हणून गरिबांची घरं एका कोपऱ्यात रचली जातात. नियमात हेक्टरी किमान किती खोल्या बसवायच्या हे लिहिलेलं असतं, आधी 500, आता 650. दाटी किती चालेल याची वरची मर्यादा घालायची, तिथे आपण खालची घातली. मग आठ मजल्यांचे वीस होतात, त्या इमारतींची लिफ्ट बंद पडते, देखभालीचा खर्च रहिवाशांना झेपत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला चार शेजारी खुर्ची उचलून उतरवतात.

हा सगळा प्रभाग, पालिकेच्या भाषेत एम-पूर्व, 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. त्यातला एक आकडा भाषणांत सारखा फिरतो की इथली माणसं सरासरी 39 व्या वर्षी मरतात. ते आयुर्मान नव्हे, मरण पावलेल्यांचं सरासरी वय आहे. जिथे मुलं आणि तरुण जास्त, तिथे ते कमीच भरणार. ही दुरुस्ती मी मुद्दाम करते, कारण चुकीचा आकडा घेऊन भांडलं की समोरचा आकडाच खोडतो आणि माणूस बाजूला राहतो. आकड्याचा अर्थ असा दुरुस्त केला तरी इथलं चित्र पुरेसं वाईट आहे. 2022 च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफी नगरमध्ये काही दिवसांच्या अंतराने बालकं गोवराने दगावली. गोवराची लस या देशात कित्येक दशकं फुकट मिळते आहे.

औषधाच्या बाबतीत सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. टीबीची औषधं मोफत आहेत. रुग्णाच्या आहारासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आहाराचा परिणाम किती मोठा असतो, हे झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात झालेल्या अभ्यासाने दाखवलं. रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा टीबी 39 टक्क्यांनी घटला. तोच शिधा मानखुर्दलाही पोचायला हवा. पण सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून बरी झालेली मुलगी त्याच खोलीत, त्याच हवेत राहणार आहे, आणि तिचा धाकटा भाऊही.

आता याच प्रभागातलं देवनार. 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेणारं हे डम्पिंग ग्राउंड. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर दिवसेंदिवस हटला नव्हता आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. याच डम्पिंगची सुमारे 124 एकर जमीन 2024 मध्ये राज्य सरकारने धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरवलं. ज्यांना धारावीत ‘अपात्र’ ठरवलं जाईल त्यांच्यासाठी. म्हणजे शहराच्या मध्यातून माणसं उठणार आणि जिथे श्वसनाचे विकार आधीच घरोघर आहेत, त्या प्रभागात, कचऱ्याच्या डोंगराखालच्या जमिनीवर राहायला येणार. कचरा हलवण्याची, जमीन शुद्ध करण्याची आश्वासनं दिली जातात. माझा या जागेला विरोध आहे आणि तो मी इथे स्पष्ट नोंदवते.

विरोध डावलून काम पुढे गेलंच, तर निदान एवढं करा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारच्या ‘निक्षय’ प्रणालीत पत्त्यासह असते. त्यातून नावं वगळून प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक मजल्यावर किती रुग्ण आहेत याचा हिशेब पालिकेने दरवर्षी जाहीर करावा. जुन्या वसाहतींतल्या हाऊस गल्ल्या साफ करण्याची जबाबदारी सोसायटीच्या माथी न मारता पालिकेने घ्यावी. आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक नव्या इमारतीचा नकाशा पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावरून जावा, तो परत पाठवण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला असावा, आणि परत पाठवला किंवा मंजूर केला त्याची कारणं रहिवाशांना मराठीत आणि हिंदीत वाचायला मिळावीत. देवनारचा नकाशा पहिला त्या टेबलावर यायला हवा.