गळकी ब्रेकची नळी आणि ऊसतोडीचा प्रवास



दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आष्टी, पाटोदा, गेवराई, धारूर, केज या भागातील जोडपी कोयता, भांडीकुंडी, बाजरीची पोती आणि लेकरे घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, काही कर्नाटकातही जातात. कुणी ट्रकने, कुणी ट्रॅक्टरने, तर कुणी डिझेलच्या पिकअपने जातो. पिकअप चालवणारे अनेक तरुण आपल्याच घरांतले आहेत. म्हणून या वेळी ब्रेकच्या नळीविषयी लिहीत आहे.

पिकअपचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल लोखंडी नळ्यांतून आणि चाकाजवळच्या रबरी होज पाईपमधून चाकापर्यंत दाब नेते. कुठेही गळती झाली की हा दाब कमी होतो, पॅडल खाली जाते आणि भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या घाटात आवरत नाही.

गळती ओळखणे अवघड नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. काळा डाग इंजिन ऑइलचा, घट्ट व उग्र वासाचा गिअर ऑइलचा, हिरवट किंवा गुलाबी पाण्यासारखा असेल तर रेडिएटरचा. चाकाच्या आतल्या बाजूस पातळ, फिकट पिवळी, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजावे. मग गाडी जागची हलवू नये.

अशा वेळी नळीला ट्यूबचे रबर गुंडाळणे किंवा एम-सील लावणे हा उपाय नव्हे. जोरात ब्रेक मारताना नळीतला दाब टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो. नळी बदलावीच लागते.

काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात. चाकांना दगड लावले आहेत ना? नळीचा नट झिजू नये म्हणून योग्य पाना वापरला का? नवी लोखंडी नळी त्याच मापाची आहे का? होज पाईपला तांब्याचे वायसर नवे घातले का? होज पिळलेला नसावा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवले तरी तो टायरला घासू नये. लायनर ऑइलने भिजले असतील तर तेही बदलावेत.

नंतर नळीतली हवा काढावी लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वात दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा, आणि पॅडल सोडण्याआधी निपल बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे व डबीतले ऑइल संपू देऊ नये. निघालेले ऑइल परत ओतू नये. इंजिन ऑइल किंवा रॉकेल तर कधीच घालू नये, त्याने आतले रबर फुगते. शेवटी मिनिटभर पॅडल दाबून धरावे. ते खाली गेले नाही आणि सांधे कोरडे राहिले, तर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावी.

खर्चाचा प्रश्न येतोच. मालक म्हणतो, "एवढी खेप होऊ दे." मुकादमाला घाई असते. उचल घेतलेले मजूर बोलत नाहीत. परंतु मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे अपघात झाला तर मेलेल्यांच्या घरी रिकामे हात राहण्याची भीती. खरे तर मालगाडीत माणसे बसवूच नयेत. एस.टी. किंवा प्रवासी वाहन मागावे. आणि जो तरुण चालक गळक्या नळीची गाडी काढायला नकार देतो, त्याच्या पाठीशी सगळ्या टोळीने उभे राहावे. भगिनींनीही लेकरे गाडीत चढवण्यापूर्वी विचारावे: "ब्रेक पाहिला का, भाऊ?"