तीर्थोदकाचे पावित्र्य आणि चातुर्मासाचा नेम

आषाढी एकादशीच्या या पुण्यपर्वावर लक्षावधी वारकरी चंद्रभागेत स्नान करून श्रीविठ्ठलाच्या दर्शनासाठी उभे राहतात. केम हे आमचे गाव याच भीमेच्या खोऱ्यातले. पंढरीशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून भीमा तेथे चंद्रभागा होते. वारीसाठी तिच्यात उजनीतून पाणी सोडतात. आणि उजनीच्या वरच्या अंगाला पुणे व पिंपरी-चिंचवड ही महानगरे आहेत. मुळा, मुठा, पवना आणि ज्ञानोबा-तुकोबांची इंद्रायणी त्या नगरांचे सांडपाणी घेऊन भीमेस मिळतात. म्हणून तिकडे नाल्यात काय सोडले जाते, हा पंढरीच्या भक्तांचाही प्रश्न आहे.

नदीतील मळ डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. आज आम्ही सांगणार आहोत तो दोष मात्र दिसत नाही. डॉ. नचिकेत मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील मुठेच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शहराच्या वरच्या प्रवाहाशी तुलना करता, शहरातील गाळात प्रतिजैविक औषधांना न जुमानणारी जनुके ३० पटींपर्यंत अधिक आढळली. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटाच्या औषधांना निष्प्रभ करणारी जनुकेही त्यांत होती. हा निष्कर्ष पुण्यातील मुठेचा आहे, पंढरीच्या घाटाचा नव्हे. परंतु प्रवाह एकच आहे.

मुठेतील दोषाचे मूळ प्रक्रिया न केलेले सांडपाणी होय. मग सर्व सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून सोडले की झाले, असे कोणी म्हणेल. ती केंद्रे हवीतच. त्यांनी घाण व जंतू यांचा फार मोठा भार उतरतो. पण नेहमीच्या केंद्रांची योजना ही जनुके नष्ट करण्यासाठी झालेली नाही. तेथे घाण पचविण्याचे काम जिवाणूंकडूनच करून घेतात. एकाच टाकीत घराघरांतले व रुग्णालयांतले जंतू एकत्र येतात, आणि एक जंतू आपली रोधशक्ती दुसऱ्यास देऊ शकतो. क्लोरीनने जंतू मेला तरी त्याचे जनुक कधीकधी मागे उरते. निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. यास्तव रुग्णालयांच्या सांडपाण्यावर उगमापाशीच वेगळी प्रक्रिया आणि केंद्रांत ओझोनसारखी पुढची पायरी, यांची मागणी नागरिकांनी महापालिकांकडे केली पाहिजे.

गंगा स्वतःच पावन आहे, तिला कोण मलिन करणार, असे काही श्रद्धावंत म्हणतात. आमचे नम्र म्हणणे असे की, शास्त्राने तीर्थाचा महिमा सांगितला तसा निषेधही सांगितला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विषे पाण्यात टाकू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. जल आपोआप शुद्ध राहते असे स्मृतिकारांना वाटले असते, तर या निषेधाची गरजच नव्हती.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही १९४५ मध्ये, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. तो आम्ही घरोघरी विसरलो. साध्या सर्दीला शेजाऱ्याने सुचविलेली गोळी घेतली जाते, दोन दिवसांत बरे वाटताच उरलेली मोरीत जाते. घेतलेल्या औषधाचाही बराच अंश शरीरातून सांडपाण्यातच उतरतो.

आजपासून चातुर्मास. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी एकभुक्त राहील. त्यासोबत प्रत्येक घराने आणखी एक नेम धरावा. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेषा आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेणार नाही; सांगितले तितके दिवस घेईन; उरलेले मोरीत वा नदीत टाकणार नाही. आमचे केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. लाल रेषेची मर्यादा काय असते, हे कुंकू लावणाऱ्या माउलींना आम्ही वेगळे सांगावयास नको. पांडुरंगाच्या चरणांपाशी वाहणारे जल पुढच्या पिढीच्या आजारात औषधाला व्यर्थ करणारे न व्हावे, एवढीच या एकादशीस आमची प्रार्थना.