खुर्चीचे पैसे कोण देणार?

परवा आमच्या मॅनेजरने घरून काम करताना उत्पादकता कशी वाढवावी यावरचं आणखी एक ज्ञान फॉरवर्ड केलं. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घाला, टेबलावर मनी प्लांट ठेवा, पंचवीस मिनिटांचा टायमर लावा, वगैरे वगैरे. सगळं वाचलं. खुर्चीचे पैसे कोण देणार, हे काही त्यात सापडलं नाही.

२०२० साली इंजिनिअरिंग संपलं आणि पहिली नोकरी लागली तीच घरून. कंपनीने कुरिअरने लॅपटॉप पाठवला, विषय संपला. पहिलं वर्ष मी डायनिंग टेबलाच्या लाकडी खुर्चीवर, पाठीला उशी लावून काढलं. वर्षअखेरीस मान अशी धरली की गाडी मागे घेताना वळून बघता येईना. दोष माझ्या बसण्याचा कमी आणि यंत्राचा जास्त. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी, हात नीट टेकवले तर मान खाली. म्हणजे आठ तास बसायचं तर वेगळा कीबोर्ड-माऊस, मॉनिटर आणि पाठ टेकेल अशी खुर्ची लागतेच. ही चैन नाही हो, अवजारं आहेत. लेथवरच्या कामगाराला कोणी सांगतं का, की लेथ घरून आण म्हणून?

तर मंडळी, माझा हिशोब. खुर्ची १२ हजार, मॉनिटर ९ हजार, टेबल ५ हजार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून राउटरला छोटा यूपीएस, दीड हजार. भिंतींपलीकडे वाय-फाय धड पोचेना, म्हणून लॅन केबल, पाचशे. एकूण २८ हजार, सगळे माझ्या खिशातून. आता जागा. आमचा ७०० चौरस फुटांचा टू बीएचके, भाडं २८ हजार, म्हणजे चौरस फुटाला ४० रुपये. टेबल-खुर्चीने ४० चौरस फूट अडवले. महिन्याला १,६०० आणि वर्षाला १९,२०० रुपये भाडं मी कंपनीच्या कामासाठी भरतोय. तेही कर भरून उरलेल्या पगारातून, कारण पगारदार माणसाला होम ऑफिसच्या खर्चाची वेगळी वजावट मिळत नाही.

यावर लोक म्हणतात, "अरे, पण कोथरूड ते हिंजवडीचा प्रवास वाचतो ना!" वाचतो, शंभर टक्के मान्य. आठवड्यातले माझे दोन दिवस घरून असतात आणि ते मला सोडायचे नाहीयेत. पण वाचलेले दोन तास माझ्याकडे राहिले कुठे? सकाळचा तास स्टँडअपने खाल्ला, रात्रीचा क्लायंटच्या कॉलने. ऑफिसात निदान सातची बस पकडायची म्हणून उठता तरी यायचं. घरी बसच नाही, म्हणून दिवसही संपत नाही.

हे मागणं जगावेगळंही नाही. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा केला: घरून कामामुळे वाढलेला विजेचा, इंटरनेटचा खर्च मालकाने द्यायचा आणि कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळात त्याला गाठायचं नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे मागायचं ते आपणच.

म्हणून मी मॅनेजरला लेखी मेल केला. एक, खुर्ची आणि मॉनिटर कंपनीने द्यावा, नोकरी सोडताना परत नेला तरी चालेल. दोन, संध्याकाळी साडेसातनंतर कॉल असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं उशिरा लॉगिन. उत्तर आलं, "पॉलिसीत बसत नाही." ठीक आहे. आता टीममधले आणखी सहा जण तोच मेल पाठवतायत. एकट्याचा मेल म्हणजे तक्रार, सात जणांचा आला की पॉलिसीचा विषय होतो.

उत्पादकतेचं म्हणाल, तर माझ्या अनुभवात दोनच गोष्टी कामाला आल्या: बंद होणारं दार आणि ठरलेल्या वेळी कपाटात जाणारा लॅपटॉप. दार आम्हाला एकच मिळालंय, बेडरूमचं. बायकोही आयटीतच आहे, त्यामुळे ज्याचा कॉल मोठा त्याचं दार. दुसरा हॉलमध्ये.

गेल्या महिन्यात आई सोलापूरहून राहायला आली होती. रात्री नऊ वाजता मी हॉलमध्ये कॉलवर होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्यूट केलं, तर हळूच म्हणाली, "झालं का रे तुझं ऑफिस? कुकर लावू का?" शिट्टीचा आवाज कॉलमध्ये जाईल म्हणून ती तासभर थांबली होती. स्वतःही जेवली नव्हती.

मनी प्लांटवाल्यांनी हा तास कुठल्या खात्यात धरला, तेवढं मला सांगा.