अ‍ॅल्युमिनियमच्या कथेतील गाळलेले पात्र

अ‍ॅल्युमिनियमचा इतिहास सांगताना आपण दोन तरुणांपाशी थांबतो : अमेरिकेचा चार्ल्स हॉल आणि फ्रान्सचा पॉल एरू. दोघेही जेमतेम बाविशी-तेविशीतले. 1886 मध्ये, एकमेकांची वार्ताही नसताना, दोघांनी एकच पद्धत शोधली. कथा रम्य खरीच. पण माझ्या मते ती अपुरी आहे, कारण तिच्यात क्रायोलाइट केवळ तळटीपेपुरते उरते.

हे सोडियम, अ‍ॅल्युमिनियम व फ्लोरिन यांचे संयुग. अ‍ॅल्युमिना वितळवायचे तर तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये मात्र ते 1000 अंशांच्या आसपासच विरघळते, पाण्यात मीठ विरघळावे तसे. मग वीज सोडली की धातू तळाशी साचतो. या एका गुणाविना त्या दोन तरुणांची बुद्धिमत्ता काय कामाची होती?

आणि हे खनिज मोठ्या प्रमाणावर मिळे ते जवळजवळ एकाच ठिकाणी : डेन्मार्कच्या ताब्यातील ग्रीनलंडमध्ये, इविग्तुतला. 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापताच अमेरिकेची नजर या खाणीकडे वळली, कारण विमाने अ‍ॅल्युमिनियमची होती. 1941 च्या करारानंतर ग्रीनलंडचे संरक्षणच अमेरिकेने हाती घेतले. ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांचे मत या व्यवहारात कोणी विचारले, असे मला तरी दिसत नाही.

पुढे कृत्रिम क्रायोलाइटने गरज भागू लागली, साठा सरला आणि 1987 मध्ये खाण बंद झाली. तिच्या जागी आज पाण्याने भरलेला खड्डा आहे. वस्ती ओस पडली आहे.